कोसमटोल्याची मुक्कामी गाडी

हैदराबादच्या अलीकडं, कारखान्याची खोली
रविवार, ६ जुलै

रंजीता,

जोहार. माय-बाबाले माहा जोहार सांगजो. मुखरूआज्याले येगळा सांगजो, नाईतर गोटुलात साऱ्या गावाच्या बैठकीत म्हणन, पोट्टा शहरात गेला अन् गावपाटलाले इसरला.

पत्र पाहून हसजो नको. बाबाचा फोन टेकडीवर चढल्याबिगर लागत नाई, अन् लागला तरी माय 'जेवला का गा' एवढंच इचारते. मी 'हो' म्हणतो, संपलं. पत्रात जरा आंग मोकळं करता येते. अक्षर सातवीतलंच आहे, त्याच्यापुढं वाढलं नाई.

इथी नव्या बशी बनते. नुसता लोखंडाचा सांगाडा येते अन् पंधरा दिवसात रंगून बस होऊन फाटकाबाहेर जाते. मी सीटा कसतो. दिवसभर बशीत बसून आहो, पण बस एक वीतभर हालत नाई. पायाले नुसत्या मुंग्या येते. मोहर्लीले वाघ पाहाले येणाऱ्या साहेबाईच्या जिप्सी धुतल्या, तिथून निघालो. गडचांदूरले सिमेंटचे पोते उचलले, तिथूनही निघालो. बाबा म्हणते ह्याचं बूड टिकत नाई. खोटं नाई म्हणत. पण दिवाळीपर्यंत तरी इथी टिकवून धरतो.

एक इचारतो, खरं सांगजो. कॉलेजात रोज जाते ना? नर्सच्या शाळेत जावाचं तं बारावी पायजे, हे तूच मले सांगितलं. माह्या टाइमले गावात मुक्कामी गाडी नव्हती. फाट्यापर्यंत अकरा किलोमीटर पायी, मधात दोन नाले. आठवीच्या जुलैतच मी थकलो अन् दप्तर खुंटीले टांगलं. मास्तर दोनदा घरी आले, मी दोनदा मोहाच्या झाडावर चढून बसलो. तुले तसं कराचं काम नाई.

तुहा दादा,
पोचू


कोसमटोला
शुक्रवार, १८ जुलै

दादा,

तुहं पत्र संध्याकाळच्या गाडीनं आलं. मायनं उलटं धरून पाह्यलं अन् म्हणे, "बारीक झाला वाटते." मंग बाबानं वाचाले लावलं. मोहाच्या झाडाचं ऐकून बाबा म्हणे, "तेव्हा सांगितलं असतं तं मी खालून जाळ पेटवला असता."

मी रोज जाते. सहाची गाडी चुकवत नाई. आमी अकरा पोरी आहो, मी अन् पुनम धरून. गाडी तशीच संध्याकाळी येते, रातभर गोटुलासमोर उभी राह्यते. लटारूभाऊ ड्रायव्हर अन् संघपालभाऊ कंडक्टर गोटुलातच झोपते. घराघराची पाळी आहे त्याईच्या जेवणाची. ह्या हप्त्यात आपली होती. लटारूभाऊ वांगं खात नाई, संघपालभाऊ दोघाईचं वांगं खाते.

पण एक वाईट बातमी आहे. जेवता जेवता संघपालभाऊ मायले म्हणे, "बाई, अजून किती दिवस तुमच्या हातचं खाणं आहे काय माहीत." डेपोतून मोजणी होऊन राह्यली. जंगलातल्या एकेका गाडीत साहेब स्वतः बसते, सकाळी गावातून किती माणसं चढते ते लिहून नेते. माणसं दिसली नाई तं गाडी फाट्यापर्यंतच येणार, तिथून वापस. आपल्या गावाचा नंबर ऑगस्टात आहे. तेव्हा धानाच्या रोवण्याचे दिवस, सारं गाव चिखलात.

पुनमचा बाप आताच म्हणून राह्यला, गाडी गेली तं पोरगी घरी. दुसऱ्या नाल्यावर मागच्या महिन्यात वाघाचे पंजे दिसले. आपल्या बाबानं तेव्हापासून कुऱ्हाड दारात ठेवली. ते पाहून मले जास्त भेव वाटते.

तू काही तरी सांग. तू दुनिया पाह्यली आहे.

रंजीता


रविवार, २७ जुलै

रंजीता,

पत्र वाचल्यापासून चैन नाई. काल एका सीटीचे नट उलटे कसले, सुपरवायझर वरडला. मले वाटते आत्ताच उठून यावं, पण ठेकेदार सुट्टी म्हटलं की आयकूच येत नाई असं करते.

घाबरू नको. गाडी तं भरनच, ते काय सांगाचं काम आहे. पोरी आहे, बाजाराची माणसं आहे, दवाखान्याची आहे. माही काळजी येगळी आहे. साहेब नाराज झाला नाई पायजे. तुमी गावातल्यांनी साहेब पाह्यले नाई, मी मोहर्लीले दीड साल पाह्यले. साहेब लोकाईले गर्दी चालत नाई. आख्खी जिप्सी एकट्यासाठी घेते. कोणी बाजूले बसला तं तोंड फुगवते, अन् वापस गेल्यावर खराब लिहून देते. एका साहेबानं फक्त गाइडच्या घामाचा वास आला म्हून पानभर लिहिलं होतं.

म्हून सांगतो, साहेबाचा मान ठेवजा. चांगलं जेवाले घालजा. गाडीत त्याले आरामात बसू देजा, अंगाले अंग लागू देजो नका. तो खुश तं लिखाणही चांगलं. हे पत्र गोटुलात सर्वाईसमोर वाचजो. मुखरूआजा ऐकन.

पोचू


कोसमटोला
गुरुवार, १४ ऑगस्ट

दादा,

काम फत्ते झालं! तू असता तं नाचला असता.

तुहं पत्र गोटुलात वाचलं. मुखरूआज्यानं दोनदा वाचाले लावलं अन् म्हणे, "पोट्ट्यानं दुनिया पाह्यली, त्याचं ऐकाचं." साहेब मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं आले. चांगला माणूस, चष्म्यावाला. बायकांनी पाय धुवाले पाणी देल्लं. आज्यानं स्वतःचा कोंबडा कापला. साहेबानं दोनदा रस्सा मागून घेतला. तिखट लागलं तं डोळे पुसत म्हणे, "असं जेवण मी घरी पण जेवत नाही."

सकाळच्या गाडीचं आज्यानं आधीच ठरवलं होतं. साहेब पाहुणा आहे, त्याच्या गाडीत कोणी चढाचं नाई. मी मोजणीचं म्हटलं तं आजा म्हणे, "साहेब खुश तं लिखाणही चांगलं, पोट्ट्यानंच लिहिलं." ज्याले बाजार कराचा त्यानं उद्या जावं. दवाखान्यात जाणारी गुणाबाई बैलबंडीनं पुढं गेली. अन् आमी अकरा पोरी उजाडाच्या आधीच पायी निघालो, सोबत चार माणसं कुऱ्हाडी घेऊन. संघपालभाऊ गाडीच्या दारात उभा राहून हात जोडून राह्यला, "अरे चढा, अरे कोणी तरी चढा," म्हणे. आजा म्हणे, "नाई भाऊ, तुमी आमच्या पाहुण्याले आरामात न्या." दहा मिनिट गाडी थांबली. कोणीच चढलं नाई. साऱ्या गावानं कडेले उभं राहून जोहार केला.

दुसऱ्या नाल्याजवळ गाडीनं आमाले गाठलं. लटारूभाऊनं गाडी थांबवली. साहेब खिडकीतून म्हणे, "मुलींनो, कॉलेजला ना? या की आत, सगळी गाडी रिकामी आहे." आमी तोंडावर ओढणी घेऊन हसलो. मीच बोलली, दादा. म्हटलं, "नाई साहेब, तुमी बसा. आमी चालतो." साहेबानं कागदावर काही लिहिलं अन् गेले.

पाय भलते दुखते अजून. पण साहेब जाताना आज्याले म्हणे, "तुमचं गाव फार चांगलं आहे." तू लिहिलं तसंच तंतोतंत केलं आमी.

रंजीता


रविवार, २४ ऑगस्ट

रंजीता,

अवो बाई, काय केलं तुमी!

साहेब माणसं मोजाले आला होता. माणसं! अन् तुमी सारं गाव कडेले उभं राहून त्याले रिकामी गाडी दाखवली. कागदावर काय लिहिलं मी इथून सांगतो. 'चढले: शून्य.' अन् खाली लिहिलं असन, पोरीही म्हणते आमी चालतो. अकरा किलोमीटर! वाघाच्या नाल्यावरून! कुऱ्हाडी घेऊन! असे लोक कुठी पाह्यले? मुखरूआज्याले सांग, कोंबडा वापस घे म्हणा.

हे वरचं काल लिहिलं. आज वाचून पाह्यलं अन् माहं मागचं पत्र आठवलं. अंगाले अंग लागू देजो नका. मीच लिहिलं ते. जिप्सीतले साहेब फिराले येते, हा साहेब गाडी चालवाले ठेवाची का नाई ते पाहाले आला होता. दोघाईले एकच समजलो मी. तुमी बिचाऱ्याईनं बरोबर ऐकलं, मी चुकीचं सांगितलं.

गाडी चालू आहे का? ताबडतोब लिव.

पोचू


रविवार, १४ सप्टेंबर

रंजीता,

तीन आठवडे झाले. बाबाचा फोन बंद सांगते. रोज फाटकावरच्या वॉचमनले इचारतो, तो आता मले पाहूनच मान हालवते. राग आला असन तं शिव्या लिव, पण लिव. गाडी आहे का नाई, तू जाते का नाई, दोनच शब्द लिव.

पोचू


कोसमटोला
मंगळवार, ३० सप्टेंबर

दादा,

तुहे दोन्ही पत्रं एकदमच मिळाले, मागच्या हप्त्यात. टपालाची थैली आता गावात येत नाई, फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पडून राह्यते. कोणी गेलं तं आणते. बाबाचा फोन पाण्यात पडला.

गाडी एक तारखेपासून बंद झाली. शेवटच्या दिवशी संघपालभाऊची पाळी आपल्याकडंच होती. मायनं पुरण केलं. लटारूभाऊनं वांगंही खाल्लं त्या दिवशी.

तुहं रागाचं पत्र मी गोटुलात वाचलं नाई, फक्त मुखरूआज्याले वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचाले लावलं. मंग म्हणे, "म्हंजे मोजालेच आला होता, अन् आमी त्याले मोजूच देल्लं नाई." त्या दिवसापासून आजा कोणाच्या पंचायतीले जात नाई. म्हणते, माही अक्कल संपली.

माही काळजी करू नको. कॉलेज चालू आहे, मी जाऊन राह्यली. अभ्यास ठीक आहे. इथी धान पोटऱ्यात आलं. पोपट भलते आहे औंदा. दिवसभर शेतातल्या माचीवर बसून डब्बा वाजवते, तरी एक थवा उठला का दुसरा बसते. हात दुखून येते.

तुही तब्येत सांभाळ. काम सोडू नको.

रंजीता


बल्लारशा स्टेशन, तीन नंबरचा फलाट
शुक्रवार, १० ऑक्टोबर

रंजीता,

दिवसभर माचीवर पोपट हाकलते, मंग कॉलेजात कोण जाते वो? तुही सावली? खोटंही नीट लिहिता येत नाई तुले.

ते वाचलं अन् मले कारखान्यात उभं राहवेना. ठेकेदाराले न सांगता संध्याकाळची रेल्वे धरली. सकाळी इथी उतरलो, दोन गाड्या बदलून दुपारपर्यंत सरळ डेपोत. तुह्या चष्म्यावाल्या साहेबासमोर. दरवाज्यात शिपाई म्हणे काय काम आहे. म्हटलं, कोसमटोल्याचा आहो, कोंबड्याचं सांगाचं आहे. साहेबानं आतूनच ऐकलं अन् म्हणे, "येऊ दे."

मी सांगितलं. जिप्सी, मोहर्ली, पत्र, सारं. साहेबानं फाईल काढली. त्याच्यात तसंच होतं, शून्य. खाली एक ओळ होती: विद्यार्थिनी पायी जाणे पसंत करतात.

साहेब म्हणे, "मी स्वतः थांबवून विचारलं होतं. ती मुलगी हसून म्हणाली, आम्ही चालतो. मला वाटलं, यांना सवय आहे."

म्हटलं, "साहेब, ती माही बहीण. तिले सवय नाई. तिचे पाय दुसऱ्या दिवशीही भलते दुखत होते. ती आता घरी पोपट हाकलते."

साहेबानं चष्मा काढून पुसला. मंग म्हणे, "गाव माझ्यावर इतकं खुश का होतं, ते आज कळलं." अन् मंग एकदम साहेबावानी बोलले. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पंधरा दिवस गाडी पाठवतो. सकाळी येईल, संध्याकाळी येईल. मुक्काम नाही, त्याला माणसं जास्त लागतात. "पंधरापैकी एका दिवशी मोजणी होईल. कोणत्या, ते सांगणार नाही. मी येणार नाही, दुसरं कोणी येईल. कोण, तेही सांगणार नाही. आणि जेवण कोणाकडेही नाही."

आता नीट वाच, अन् हे गोटुलात दोनदा नाई, दहादा वाचजो. गाडीत कोणीही अनोळखी दिसला, चष्म्यावाला असो का थैलीवाला, जागेवरून उठाचं नाई. त्याले उभं राह्यू देजा. अंगाले अंग लागू देजा. पाय देल्ला तरी चालन. गावाचा मान गेला तं जाऊ द्या, पंधरा दिवसानं वापस आणू.

डेपोतून निघालो तेव्हा फाट्यापर्यंतची गाडी उभीच होती. चढलो होतो मी. मंग हिशेब केला. फाट्यावरून घरी पायी पोचाले अंधार, अन् रात्रीची रेल्वे चुकली तं उद्याचीही हजेरी जाते. उतरलो. तुमच्यापासून एवढ्या जवळ येऊन मायचं तोंड पाह्यलं नाई. मायले हे सांगजो नको.

ठेकेदार कामावर घेते का नाई, उद्या समजन. कारखाने बहुत आहे तिकडं, त्याची फिकीर नाई. तुही आहे. महिनाभराची हजेरी गेली, मास्तरले काय सांगाचं ते सांग, पण पह्यल्या दिवशीच्या गाडीत मले तू बसलेली पायजे.

पोचू


कोसमटोला
सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

खोटं लिहिलं म्हून माफ कर. मी सप्टेंबरात आठच दिवस गेली. पुनमच्या घरी तं स्थळ पाहाले माणसं येऊन गेली होती. मले वाटलं तुले सांगितलं तं तू काम सोडून येशीन. नाई सांगितलं तरी आलाच. अन् मायले मी सांगितलं, राहवलं नाई. माय फाट्याच्या दिशेनं पाहून भल्ली रडली, मंग म्हणे, "उपाशीच गेला असन."

मास्तरनं पह्यल्या दिवशी वर्गाबाहेर उभं केलं, दुसऱ्या दिवशी वह्या देल्ल्या दुसऱ्या पोरीच्या. महिनाभराचं उतरवून राह्यली.

गाडीचं सांगते. पह्यल्या दिवसापासून गाव चढलं. धान कापणीचे दिवस, तरी एका घरातून एक माणूस निघालाच. कोणाले काम नव्हतं तरी तिकीट काढून पुढच्या गावापर्यंत जाऊन पायी वापस आले. संघपालभाऊ म्हणे, "एवढे लोक मी आठ सालात पाह्यले नाई, कुठी लपून होते?"

पाचव्या दिवशी फाट्याअलीकडं एक माणूस चढला. कोरे कपडे, काखेत फाईल. कोणी हालेना. मुखरूआजा पह्यल्या सीटीवर बसला होता, त्याले भल्ला घाम. पाहुणा उभा अन् तो बसून! दोनदा अर्धा उठला, दोनदा पुनमनं मागून सदरा वढला. आजा हळूच म्हणे, "पोरी, सोड वो, माहा जीव चालला." पुनम म्हणे, "आजा, जीव गेला तरी बसूनच जाऊ द्या." त्या माणसानं तालुक्यापर्यंत उभ्यानं प्रवास केला. उतरताना कंडक्टरले म्हणे, "ह्या गावाचे लोक भारी माजोरे आहे हो." आमाले किती आनंद झाला! मंग समजलं, तो मलेरियाच्या गोळ्या वाटणारा होता, गावातच येत होता, उलट्या गाडीत चढला म्हून तालुक्याले जाऊन वापस आला. आज्यानं त्याच्या घरी तांदूळ पोचवला माफीचा.

खरा मोजणारा कोण होता, कोणत्या दिवशी आला, आमाले अजूनही मालूम नाई. पुनम म्हणते ती बांगड्यावाली असन. बाबा म्हणते कोणीच आलं नसन, साहेबानं नुसतं भेव दाखवलं.

पण काल संघपालभाऊनं कागद आणला. गाडी मार्चपर्यंत मंजूर. सकाळी एक, संध्याकाळी एक, मुक्काम नाई. मार्चनंतर पुन्हा मोजणार. माही परीक्षा फेब्रुवारीत आहे. पुढचं पुढं पाहू, पुनमचा बाप तं म्हणे मार्चात मीच रोज चढीन.

गोटुल रात्री रिकामं राह्यते. जेवणाची पाळी बंद झाली. माय दोनदा इसरून जास्तीचं रांधून बसली.

तुले कामावर घेतलं का? तू लिहिलंच नाई. नंतरच्या कार्डावर फक्त 'मजेत आहो' लिहिलं, त्याच्यावर माहा इसवास नाई. दुसरीकडं गेला असन तं तिथला पत्ता लिव.

आज जीवशास्त्राची चाचणी आहे अन् दोन धडे राह्यले. हे पत्र उभ्यानंच लिहून राह्यली, पुस्तक काखेत आहे. लटारूभाऊनं गाडी वळवली. मागच्या दारातही माणसं लोंबकळून राह्यली, बसाले जागा नाई वाटते. उभ्यानंच वाचीन.

रंजीता